आडनाव विचारायच्या आधी

'दया' ह्या शब्दाची मला शिसारी येते. हा शब्द आमच्या अंगावर कायम वरूनच पडला. भाकर वरून पडली, पाणी वरून पडलं, तशी दयाही वरूनच. मायच्या लहानपणी बीडकडं निजामाचं राज्य होतं. उन्हाळ्यात आठवडी बाजारात पाणपोई लागायची, पुण्य म्हणून. रांजणाजवळ टिनाची एक लांब नळी ठेवलेली असायची, खास आमच्या लोकांसाठी. त्यानं वरून ओतायचं, आपण खाली ओंजळ धरायची. पाणी गार असायचं, वाळा घातलेला असायचा, असं माय सांगायची. ओतणाराही गोड बोलायचा. त्याच्या पुण्यात खोट नव्हती, त्याला ते मिळालंही असंल. पण माणूसपण म्हणतात ते त्या नळीतून कधी खाली आलं नाही.

२० मार्च १९२७ ला महाडला बाबासाहेब चवदार तळ्यात उतरले. ओंजळ तीच होती, पण मधी नळी नव्हती. इथवर आपलं सगळ्यांचं एकमत आहे. दया नको, हक्क पाहिजे. अभ्यासवर्गात पोरं हे धडाधडा बोलतात आणि बरोबर बोलतात.

माझा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. अनोळखी माणसाशी मनापासून चांगलं वागणारी माणसं जगात आहेत. थोडी आहेत, पण आहेत. त्यांना कोणत्या खात्यात घालायचं? ती वरून ओतणारी नव्हेत. हक्काचा कायदा वाचून वागणारीही नव्हेत. मग ती होतात कशी?

आपल्याकडं पाहुणचाराचा मोठा डंका आहे. दारात आलेल्याला आधी गूळ-पाणी. दुष्काळी जिल्हा आपला, हंडाभर पाण्याची किंमत आपल्याला कळते, आणि तरीही तांब्या पुढं येतो, हे खोटं नाही. एस. टी. चुकून आडगावी उतरा. पारावरचा म्हातारा विचारील, "कोन्च्या गावचं?" तुम्ही गाव सांगता. मग "कोनाचे?" म्हणजे आडनाव. ह्या दोन प्रश्नांच्या मधी जो वेळ जातो ना, तेवढ्या वेळात तुम्ही माणूस असता. तांब्या निघालेला असतो. आडनाव ऐकलं की तांब्या हातातच थांबतो, नाहीतर आत जाऊन दुसरा येतो, चेपलेला. हल्ली म्हणे हे राहिलं नाही. काही ठिकाणी राहिलं नाही, मान्य. पण आडनाव विचारणं मात्र राहिलं. शहरात खोली भाड्यानं बघायला गेलेल्या पोरांना विचारा.

बाबासाहेबांनी स्वतःच्या आठवणी लिहून ठेवल्यात, 'वेटिंग फॉर अ व्हिसा' म्हणून. पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं त्या १९९० ला छापल्या. त्यातली पहिली हकीकत १९०१ ची. लहानगा भीमराव, सोबत भाऊ आणि भाचरं, वडिलांना भेटायला निघालेली. मसूर स्टेशनावर उतरली. घ्यायला कुणी आलेलं नाही. अंगावर चांगले कपडे होते, स्टेशनमास्तर आपुलकीनं विचारपूस करू लागला. त्याला वाटलं बामणाची पोरं. पोरांनी सांगून टाकलं, आम्ही महार. मास्तरचा चेहरा पडला आणि तो तिथून निघून गेला.

आपण ही गोष्ट सांगतो तेव्हा इथंच थांबतो. मी पुढचं सांगतो. अर्ध्या तासानं तो मास्तर परत आला. पोरांसाठी तो गाडीवाल्यांशी बोलला. दुप्पट भाडं कबूल करूनही कुणी तयार होईना, तेव्हा त्यालाच सुचलं, की पोरांनी स्वतः गाडी हाकावी आणि गाडीवाल्यानं बाजूनं चालावं. ह्या मास्तरला काय म्हणायचं? दुष्ट म्हणता येत नाही. त्याच्या पोटात कालवाकालव झाली असणार, नाहीतर परत आला नसता. पण त्यानं त्या पोरांना आपल्या घरी नेलं नाही. पुढं त्या पोरांना रात्रभर पाणी मिळालं नाही. माझ्या मते जगात बहुतेक माणसं ह्या मास्तरसारखी आहेत. आतून वाईट नाहीत. भितात. अनोळख्याला भीत नाहीत, आपल्याच चार लोकांना भितात.

आता कुणी म्हणंल, ज्यानं सोसलं त्यालाच दुसऱ्याचं दुःख कळतं. हे वाक्य आपल्या भाषणांत फार येतं. मला ते पटत नाही. मी ऊसतोडीवर वाढलो. आमच्या टोळीचा मुकादम स्वतः बारा हंगाम ऊस तोडलेला माणूस होता. पोटरीवर कोयत्याचा वण होता. पाचटाची कूस त्याच्याही गळ्यात घुसलेली. पण उचल फिटेस्तोवर माणसाला जनावरासारखं कसं राबवायचं, ते त्यालाच चांगलं माहीत होतं, कारण त्यालाही तसंच राबवलेलं. दुःख माणसाला मऊ करतं तसं टणकही करतं.

१९८३ चा हंगाम. आमचे कोयते पश्चिम महाराष्ट्रातल्या एका कारखान्यावर गेलते. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता. त्यातलं एक पडलं तर दुसऱ्याचं काम अर्ध्यावर येतं, आणि वरून खाडा. मायला दिवस भरलेले. त्या दिवशी अंधार पडेस्तोवर ती मोळ्या बांधत होती. रात्री कोपीत तिला कळा सुरू झाल्या. टोळीत जी म्हातारी बाळंतपणं करायची ती त्या साली गावाकडंच राहिलेली. बाकीच्या दोघी कोवळ्या पोरी, त्या घाबरून रडायला लागल्या. लेकरू अडलं. मुकादम बाहेरूनच म्हणाला, "सकाळी गाडी भरायची हाय बरं का, ध्यानात ठिवा."

बा अंधारात वस्तीवर गेला. मी त्याच्या मागं. पहिल्या घरी आतून आवाज आला, "कोण?" बा म्हणाला, "ऊसतोडे हाव मालक." आतली चिमणी विझली. दुसऱ्या घरी कुत्रं सोडलं. तिसऱ्या घरातून एक बाई बाहेर आली, पन्नाशीची. नीट ऐकूनही घेतलं नाही तिनं. सुनेला हाक मारली, चुलीवर पाणी ठेवायला लावलं, कंदील माझ्या बाच्या हातात दिला आणि वाटभर आम्हाला शिव्या दिल्या. "मुडद्यांनो, आता येताय व्हय? दिस मावळताना काय झालं हुतं? बाई मराय टेकल्यावर सुचतंय तुमास्नी!" बा भोळा. त्याला राहवेना. मधी बांधावर थांबून म्हणाला, "बाई, आदी सांगतो, आमी जयभीमवाले हाव." ती म्हणाली, "कंदील खाली धर, मला चर दिसंना."

माझी बहीण पहाटे जन्मली. उजाडल्यावर त्या बाईचा नवरा बांधावर येऊन उभा राहिला आणि तिथूनच ओरडू लागला. सगळ्या फडानं ऐकलं. ती कोपीतून बाहेर आली, लुगड्यावर रक्ताचे डाग तसेच, आणि त्याच्यापेक्षा वरच्या पट्टीत ओरडली. काय बोलली ते इथं छापता येणार नाही. पुढं तीन दिवस ती गूळ घातलेली पेज घेऊन आली. येताना बडबडत यायची, कोपीत किती धूर करता, बाळंतिणीला काय गारठ्यात निजवता. एक गोड शब्द तिच्या तोंडून निघाला नाही. चौथ्या दिवशी आमचा फड उठला. तिचं नाव आम्हाला माहीत नाही, जातही माहीत नाही. मायनं विचारली नाही आणि तिनं सांगितली नाही.

मुकादम आणि ही बाई ह्यांच्यात फरक काय, ह्याचा मी पुष्कळ विचार केला. मुकादमाला आमची जात, गाव, उचल, कर्ज, सगळं पाठ होतं. तिला काहीच ठाऊक नव्हतं. तिनं फक्त पुढ्यातली बाई बघितली. आणि दुसरं, नवरा बांधावर येणार हे तिला ठाऊक असणारच. गावात राहायचं होतं तिला, आम्ही काय, चार दिवसांचे. मास्तर जिथं मागं सरला तिथं ती पुढं गेली. भली माणसं गोड बोलतात हा आपल्याकडं उगाच पसरलेला समज आहे. आमच्या मायला जिनं जगवलं तिच्या तोंडात शिवी होती. मऊ मनापेक्षा इथं धाडस जास्त लागतं, असं मला वाटतं.

हे आपल्या माणसांनाही लागू आहे. १९२९ ला बाबासाहेब चाळीसगावला उतरले. तिथल्या महारवाड्यातल्या लोकांनी आग्रहानं ठेवून घेतलं. टांगेवाला महाराला बसवून हाकायला तयार होईना. तेव्हा लोकांनी टांगा भाड्यानं घेतला आणि आपल्यातलाच एक जण हाकायला बसवला, त्याला हाकता येत नव्हतं. पाहुण्यानं पायी जाणं लोकांना कमीपणाचं वाटलं. पुलावर चाक अडकलं, बाबासाहेब फेकले गेले, पाय मोडला. त्या लोकांचं प्रेम खोटं नव्हतं. पण मान जाईल ही धास्ती त्या प्रेमात मिसळली आणि पाहुण्याच्या जिवाकडं लक्ष राहिलं नाही.

बाबासाहेबांनी ह्यासाठी दया हा शब्द धरला नाही. २५ नोव्हेंबर १९४९ ला घटना समितीत बोलताना त्यांनी बंधुतेला स्वातंत्र्य आणि समतेच्या जोडीला बसवलं, तिघींना तोडता येत नाही म्हणून बजावलं. आणि १९५७ ला, त्यांच्या मागं प्रसिद्ध झालेल्या बुद्ध आणि धम्माच्या ग्रंथात ते करुणेच्याही पुढं मैत्रीवर गेले. करुणा माणसापुरती, मैत्री सगळ्या जिवांपर्यंत. मैत्रीत वरून ओतणं नसतं. दोघं एकाच बांधावर उभे असतात. कायद्यानं नळ मिळतो. रात्री कळा देणाऱ्या बाईच्या कोपीत कंदील घेऊन जायला लावील असं कलम नाही, आणि कुठल्या घटनेत ते लिहिताही येणार नाही.

आपल्या जिल्ह्यातलं ताजं सांगतो. केज तालुक्यातलं मस्साजोग. ६ डिसेंबर २०२४, महापरिनिर्वाण दिन. गावाजवळ पवनचक्की प्रकल्पाच्या आवारात काही जण घुसले आणि तिथल्या रखवालदाराला मारहाण केली. रखवालदार दलित, गावातलाच. सरपंच संतोष देशमुख, जातीनं मराठा, खबर लागताच गावकऱ्यांना घेऊन तिथं गेले आणि मधी पडले. तीन दिवसांनी, ९ डिसेंबरला, त्यांना रस्त्यातून उचलून नेलं आणि हाल करून मारलं. प्रकरण कोर्टात गेलं, त्यावर मी बोलत नाही.

कुणी म्हणंल, रखवालदार गावचाच होता, अनोळखी कसा? अहो, आपल्याकडं गावकुसाच्या आतल्याला बाहेरचा माणूस पिढ्यान्‌पिढ्या शेजारी राहूनही अनोळखीच असतो. मार खाणारा कुणाचा, हे बघून माणसं मधी पडतात किंवा पडत नाहीत. देशमुख पडले. नंतर मोर्चे निघाले, आरोप झाले, आणि सगळी चर्चा दोन मोठ्या जातींच्या भांडणावर गेली. तो रखवालदार बोलण्यातून कधी गळाला ते कळलंसुद्धा नाही. मला ह्याचा राग आहे. ज्या गोष्टीसाठी माणूस गेला ती गोष्टच जातीच्या हिशोबात बसत नव्हती, म्हणून ती सोडून दिली. निदान आपण तरी ती सोडू नये. ६ डिसेंबरच्या सभेत हे नाव घ्यायला आपल्याला जड का जावं?

आणि आता आपल्याकडं. पावसाळ्याच्या तोंडाला वस्तीच्या कडेला पारध्यांची पालं पडली की आपल्यातही कुजबुज सुरू होते. कोंबड्या कोंडा, सायकली आत घ्या. इंग्रजांनी १८७१ ला कायदा करून जमातीच्या जमाती जन्मानं गुन्हेगार ठरवल्या. तो कायदा १९५२ ला गेला, तरी तो आपल्या वस्त्यांत अजून चालतो. ज्यांच्या आज्यांनी नळीतलं पाणी प्यालं ती माणसं पालावरच्या पोराला हापशावर "तू नंतर" म्हणतात. असं मी ह्या दोन वर्षांत तीन वस्त्यांत पाहिलं. आमच्या मायनं त्यांच्यातल्या एका कुटुंबाला वळचणीला घेतलं होतं, पावसाच्या रात्री. चार लोकांनी तिला तोंडावर विचारलं, काऊन घेतलं, भ्या नाही वाटलं? ती म्हणाली, "वाटलं की."

ते कुटुंब आता माळावर पाल ठोकून आहे. पोरगी सात वर्षांची, शाळेत नाव घातलेलं नाही, जन्माचा दाखला नाही म्हणून. रेशनकार्डाचा अर्ज तहसीलला पडून आहे, रहिवासाचा पुरावा मागतात. पुरावा म्हणून वस्तीतल्या पाच जणांच्या सह्या लागतील, आत्तापर्यंत दोन झाल्यात. सोमवारी अकरा वाजता मी तहसीलला जातोय. कुणी सोबत येणार असंल तर एस. टी. स्टँडवर दहाला यावं.