एकेकाच्या ताटात एकेक बटेर

उर्दूच्या तासाला मुहावरे शिकवताना 'अंधे के हाथ बटेर लगना' आला की मुहावरा समजावून सांगावा लागत नाही, बटेर समजावून सांगावा लागतो. आंधळ्याच्या हाती अचानक काहीतरी मोलाचे लागले, एवढे मुलांना पटकन कळते. पण मोलाचे म्हणून मूठभर पक्षीच का, हे आठवीच्या पोराला कसे कळावे? त्याने तो पाहिलेलाही नसतो. आमच्या सांगली जिल्ह्यातल्या जुन्या माणसांना विचारा. ज्वारीच्या रानातून चालताना अगदी पायाजवळून भुर्रकन उडून चार हातांवर पुन्हा दडून बसणारा लावा म्हणजेच हा.

कुरआन शरीफ समजून वाचणाऱ्या घरांना मात्र तो दुसऱ्या नावाने ओळखीचा आहे. हजरत मूसा अलैहिस्सलाम यांच्या कौमला रानावनात जे 'मन्न व सलवा' मिळाले, त्यातला सलवा म्हणजे बटेर किंवा बटेरासारखा पक्षी, असेच मुफस्सिरीन सर्वसाधारणपणे सांगतात. सूरह बकरा, सूरह आराफ आणि सूरह ताहा अशा तिन्ही ठिकाणी त्याचा उल्लेख आहे. भूगोलाच्या बाजूनेही यात नवल नाही. युरोपातून आफ्रिकेकडे निघालेले बटेरांचे थवे हिवाळ्याआधी भूमध्य समुद्र ओलांडतात आणि सिनाईच्या किनाऱ्यावर थकून उतरतात. थकलेला पक्षी खालून उडतो आणि जाळ्यात सहज सापडतो.

आपल्याकडचा रानातला लावा पकडणे किंवा मारणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, हे आधीच सांगून टाकते. रस्त्याच्या कडेला कोणी पिशवीत जिवंत लावे विकत असेल तर पुढे चालू लागावे. खायचा तो पाळलेला जपानी बटेर. हा १९७४ साली भारतात आला आणि उत्तर प्रदेशातल्या इज्जतनगरच्या संशोधन केंद्रातून पुढे शेतकऱ्यांपर्यंत पोहोचला. कोंबडीचे पिल्लू एकवीस दिवसांनी बाहेर पडते, याचे सतरा-अठरा दिवसांत. पाच आठवड्यांत पक्षी विक्रीला तयार. जागा थोडी लागते, घराच्या मागच्या शेडमध्येही चालते.

माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीने असाच शेड टाकला आहे. वडील गेले, बारावीनंतर शिक्षण थांबले, धाकटे भाऊ शाळेत. कर्ज काढून तिने तीनशे पिल्ले आणली. पक्षी वाढले, पण गिऱ्हाईक एकदा येई ते पुन्हा फिरकत नसे. "मॅडम, लोक म्हणतात नुसती हाडं आहेत, पैसे वाया गेले," असे तिने मला सांगितले तेव्हा तिच्या हातात हप्त्याचे पुस्तक होते. मी विचारले, "लोक शिजवतात कसे?" ती म्हणाली, "कसे म्हणजे? कोंबडीसारखे."

दोष तिथेच होता. साफ केलेला बटेर जेमतेम सव्वाशे-दीडशे ग्रॅम भरतो. चरबी जवळजवळ नाहीच, छातीचे मांस बोटभर जाड. त्याचे तुकडे करून कांदा-खोबऱ्याच्या वाटणात अर्धा तास रटारटा शिजवले तर छाती चोथा होते, मांडी हाडावरून गळून रश्श्यात विरघळते आणि ताटात खरोखरच हाडे उरतात. वर आपला तिखट मसाला. त्या मसाल्याखाली बटेर काय आणि बटाटा काय, चव एकच! मसाल्याशी माझे वैर नाही. बकऱ्याच्या मटणाला तो हवाच. पण या पक्ष्याच्या मांसाला स्वतःची हलकी, किंचित गोडसर चव आहे आणि तिला जोड हवी ती आंबटाची. आंबट म्हणजे नुसते लिंबू पिळणे नव्हे. फळाचा रस आटवून केलेला दाट सॉस, ज्यात आंबट, गोड आणि थोडे तुरट एकत्र असते.

मटणात फळ म्हटले की काही जणींच्या कपाळाला आठ्या पडतात. "हे इंग्रजांचे खाणे," असे माझ्या जाऊबाईही म्हणाल्या होत्या. मी विचारले, मग आपल्या बिर्याणीत आलूबुखारा कोणी घातला? इ.स. १२२६ मध्ये, म्हणजे मंगोलांनी बगदाद उद्ध्वस्त करण्याच्या बत्तीस वर्षे आधी, मुहम्मद बिन हसन अल-बगदादी यांनी 'किताब अल-तबीख' नावाचे पाकशास्त्राचे पुस्तक लिहिले. त्यातल्या आंबट सालनांची नावे ऐकली तरी अरबी शिकलेल्याला ओळख पटते. रुम्मान म्हणजे डाळिंब, त्याची रुम्मानिया. तुफ्फाह म्हणजे सफरचंद, त्याची तुफ्फाहिया. मिश्मिश म्हणजे जर्दाळू, त्याची मिश्मिशिया. हिस्रिम म्हणजे कच्ची आंबट द्राक्षे, त्यांची हिस्रिमिया. इराणात आजही बदक किंवा कोंबडी अक्रोडाच्या वाटणात आणि डाळिंबाच्या आटवलेल्या रसात शिजवतात, त्याला फेसेंजान म्हणतात. आणि सूरह वाकिआमध्ये जन्नतच्या नेमती सांगताना फळे आणि पक्ष्यांचे मांस लागोपाठच्या आयतींत आले आहेत. त्यातून कोणी पाककृती काढू नये, मीही काढत नाही. पण जाऊबाई गप्प झाल्या हे खरे.

फ्रान्समध्ये बटेर द्राक्षांबरोबर करण्याची जुनी रीत आहे. मोबाईलवर दिसणाऱ्या अशा बहुतेक कृतींत मात्र वाइन नाहीतर ब्रँडी असते. 'ती शिजताना उडून जाते' असे कोणी सांगितले तरी आपल्या घरात ती यायची नाही, हे वेगळे सांगायला नको. तिची गरजही नाही. वाइनचे काम तिथे आंबटपणाचे असते आणि ते काम आंबट द्राक्षांचा रस तितकेच चांगले करतो. आमच्याकडे द्राक्षाला तोटा नाही. फक्त विरळणीत खाली पडलेले कच्चे मणी आणू नका, त्यांवर फवारणी झालेली असते. खाण्यासाठी तोडलेल्या घडांतलीच आंबट द्राक्षे निवडून घ्या आणि नीट धुवा.

मी पहिल्यांदा केले ते डाळिंबात. आटपाडीकडचा भगवा मिळाला होता. मध्यम पाच डाळिंबे सोलली, दाणे फडक्यात घालून पिळले. मिक्सरला लावायचे असतील तर एकच झटका द्या, बिया वाटल्या गेल्या की रस कडू होतो. साधारण अर्धा लिटर रस निघाला. तो स्टीलच्या पातेल्यात मध्यम आचेवर तिसरा हिस्सा उरेपर्यंत आटवला. ॲल्युमिनियमची कढई किंवा कल्हई गेलेले पितळ यासाठी घेऊ नका. भगवा गोड असतो, म्हणून दोन आमसुले टाकली. अनारदाण्याची पूड असेल तर एक चमचा घाला. साखर अजिबात नको. रस आटला की त्याची गोडी आपोआप वर येते. आमच्या अम्मींना, म्हणजे सासूबाईंना, मधुमेह आहे, म्हणून हेही सांगते की पाणी उडाले तरी साखर जागेवरच राहते. त्यांच्या ताटात सॉस चमचाभरच.

पक्षी कातडीसह हवे असतील तर आधी सांगून ठेवावे लागते, नाहीतर साफ करणारा पिसांबरोबर कातडीही सोलून टाकतो. कातडी असेल तर मांस कोरडे पडत नाही. पाठीचा कणा कात्रीने दोन्ही बाजूंनी कापून काढावा आणि पक्षी उलटा ठेवून तळहाताने दाबावा, म्हणजे पुस्तकासारखा उघडतो. मीठ, जाडसर काळी मिरी, थोडे आले-लसूण एवढेच लावून तासभर ठेवावे. रात्रभर दह्यात नको, कच्ची पपई तर मुळीच नको. एवढ्या नाजूक मांसाचा लगदा होतो. जाड तव्यावर तूप चांगले तापले की आधी कातडीची बाजू चार मिनिटे, मग दुसरी तीन मिनिटे. एका वेळी तीनच पक्षी. दाटीवाटी केली की पाणी सुटते आणि रंग येत नाही. त्याच तुपात दोन कांदे बारीक चिरून बदामी करावेत, दोन लवंगा आणि दालचिनीचा तुकडा टाकावा, आटवलेला रस ओतावा, चवीला मीठ आणि चिमूटभर लाल तिखट. पक्षी त्यात ठेवून झाकण लावावे आणि मंद आचेवर आठ-दहा मिनिटे. मांडीच्या सांध्यात सुरी टोचली की स्वच्छ रस यायला हवा. गुलाबी दिसला तर आणखी दोन मिनिटे. वरून डाळिंबाचे ताजे दाणे. बरोबर साधा भात किंवा तंदूरची रोटी.

आता नगांची गोष्ट. कोंबडी आपण किलोवर घेतो, बटेर नगावर मिळतो. फोनवर त्या मुलीने विचारले, "मॅडम, किती पाठवू?" मी बोटांवर मोजले. सासरे, अम्मी, दीर, जाऊबाई, मुलांचे अब्बा, तीन मुले आणि मी. नऊ. अम्मी शेजारीच बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "सहा सांग. आपण बायका शेवटी बघू."

हे वाचणाऱ्या बहिणींना त्या वाक्याचा अर्थ सांगायला नको. कोंबडी शिजते तेव्हा दोन मांड्या कोणाच्या, हे कोणी ठरवत नाही, पण सगळ्यांना माहीत असते. छातीचे तुकडे मुलांना, मेहमान असेल तर त्याला. दस्तरखान उठल्यावर पातेल्यात उरते मान, पाठ आणि रस्सा. तेवढ्यावर तिघींचे जेवण होते. माझ्या माहेरीही असेच होते आणि कोणी जुलूम करत होते असेही नाही. अम्मी बावीस वर्षे मला सांगत आल्या आहेत की त्यांना मानच आवडते. त्यांच्या सासूबाईंनाही म्हणे मानच आवडायची. एका घरातल्या सगळ्या बायकांची आवड इतकी जुळावी! बीएडला आम्हाला शिकवले होते की मूल जे रोज पाहते ते न शिकवता शिकते. माझी मुलगी सातवीत आहे. गेल्या वर्षी तिने पुढे केलेली मांडी उचलून भावाच्या ताटात ठेवली आणि म्हणाली, मला नको. कोणी तिला सांगितले नव्हते.

मी नऊच सांगितले. कोंबडीपेक्षा महाग पडले. महिन्यातून एकदा तेवढे परवडते, रोजच्या खाण्याची ही गोष्ट नव्हेच.

त्या रात्री दस्तरखानावर गंमत अशी झाली की वाटप करायला काही नव्हतेच. नऊ ताटे, नऊ पक्षी. एक कमी वाढला असता तर कोणाचे ताट रिकामे आहे ते सगळ्यांना दिसले असते. बटेर अर्धा करून वाढण्याइतका मोठा नसतो. बायका शेवटी बसणार म्हटले तर आमचे तीन पातेल्यात तसेच राहिले असते आणि मुलांच्या अब्बांनीच म्हटले, "थंड होतील, सगळेच बसा." म्हणून आम्ही बसलो. सासऱ्यांनी पहिला घास घेऊन विचारले, "चिंच आहे का?" डाळिंब ऐकल्यावर त्यांनी आणखी सॉस मागितला. धाकट्याने दोन मिनिटांत हाडे चोखून संपवली आणि दादीच्या ताटाकडे पाहिले. अम्मींचा हात सवयीने पुढे आला. जाऊबाई म्हणाल्या, "अम्मी, त्याचा त्याने खाल्ला." हात मागे गेला.

अम्मींनी पक्षी उलटसुलट करून पाहिला. मग मला हळूच विचारले, "इसकू गर्दन नै क्या?"

नव्हती. साफ करताना ती काढूनच पाठवतात. मग त्यांनी छातीचे मांस सोलून खाल्ले, मांड्या खाल्ल्या. काही बोलल्या नाहीत. बोटांना लागलेला लाल रस मात्र चाटून घेतला, मधुमेहाचे कोणी काढू नये अशा बेताने.

त्यानंतर हंगामाप्रमाणे फळ बदलत गेले. द्राक्षांच्या दिवसांत आंबट द्राक्षांचा रस आटवून त्यात तासगावचा मूठभर बेदाणा टाकला, तो सगळ्यात सोपा आणि मुलांना सगळ्यात आवडलेला. कैरी उकडून तिचा गर थोडा गूळ घालून केला, तो तिखट हवे असणाऱ्यांसाठी. त्यात हिरवी मिरची खपते. वाळलेला आलूबुखारा वर्षभर मिळतो, रात्री भिजवून गर काढला की झाले. अंजीर मला फारसे जमण्यासारखे वाटले नाही, नुसते गोड लागते, आंबट बाहेरून द्यावे लागते. आंब्याचा रस घालू नका, मांसाची चव त्यात बुडून जाते आणि रसही फुकट जातो.

त्या मुलीला मी डाळिंबाची कृती मराठीत आणि उर्दूत एकाच कागदावर लिहून दिली. तिने त्याच्या झेरॉक्स काढल्या आहेत आणि पक्ष्यांच्या पिशवीत एकेक घालून देते. गिऱ्हाइकाला ती आता किती पाहिजेत असे विचारत नाही, घरात माणसे किती असे विचारते. हप्ते अजून दीड वर्ष आहेत.

गेल्या जुम्याला नणंद येणार होती. फोन अम्मींनीच लावायला सांगितला आणि माझ्या हातातून घेऊन स्वतः बोलल्या. "दस भेज," त्या म्हणाल्या, "होर एक कू गर्दन रहने दे."