हायवे २१२ आणि इतर टिपणं

नावाहो नेशन हा अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोना, न्यू मेक्सिको आणि युटा या तीन राज्यांत पसरलेला, नावाहो या मूलनिवासी जमातीचा मुलूख. क्षेत्रफळ सुमारे ७०,००० चौरस किलोमीटर, महाराष्ट्राच्या पावपटीहून थोडं कमी. त्याला जमातीचे स्वतःचे पोलीस दोनशेच्या आसपास. पाळ्या, रजा, कोर्टाच्या तारखा वजा केल्या की गस्तीला किती उरत असतील याचा हिशेब सोपा आहे. कित्येक घरांना रीतसर पत्ता नाही. फोनवरची आजी खुणा सांगते: डांबरी सोडली की पाण्याची टाकी, तिथून डाव्या हाताला कच्ची वाट. पाऊस झाला तर त्या वाटेवर गाडी रुतते, वायरलेसही मधूनमधून गप्प होतो. दुसरी गाडी मदतीला येईपर्यंत पोलिसाने दारात एकट्यानेच निभावायचं. तिथे त्याची खरी भिस्त बोलण्यावर असते.

*

२०१६ चा फेब्रुवारी. मोंटाना राज्यातलं क्रो जमातीचं रिझर्वेशन, म्हणजे जमातीसाठी राखलेला मुलूख; मध्यरात्र उलटून गेलेली. हायवे २१२ च्या कडेला एक ट्रक उभा. मदत हवी आहे का, हे बघायला जमातीचा पोलीस जवळ जातो. ड्रायव्हरचे डोळे लाल, पाणावलेले. पुढच्या सीटवर दोन सेमी-ऑटोमॅटिक रायफली. आणि गाडीत एक लहान मूल. तो ड्रायव्हरला खाली उतरवतो, अंगझडती घेतो, जादा कुमक मागवतो. इंजिन बंद करायला परत जातो तेव्हा काचेची नळी आणि मेथ या अमली पदार्थाची पिशवी दिसते.

पुढे बचावाचा मुद्दा असा: आरोपी मूलनिवासी नाही, तेव्हा जमातीच्या पोलिसाला त्याची झडती घ्यायचा अधिकारच काय? खालच्या दोन्ही कोर्टांनी पुरावा बाद ठरवला. १ जून २०२१ ला सुप्रीम कोर्टाने एकमताने तो निर्णय फिरवला. रिझर्वेशनमधून जाणाऱ्या सार्वजनिक रस्त्यावर संशयिताला काही वेळ थांबवून झडती घेण्याची मुभा जमातीच्या पोलिसाला आहे, असं सांगितलं. एवढं सांगायला पाच वर्षं गेली. रात्री रायफली आणि मूल एकाच गाडीत दिसल्यावर कुठल्या शहाण्या माणसाने पाठ फिरवली असती?

*

कुणावर कुणाचा अधिकार, हा गुंता जुना आहे. १८८५ च्या कायद्याने खुनासारखे मोठे गुन्हे, आरोपी मूलनिवासी असला तरी, केंद्राच्या अखत्यारीत गेले; म्हणून तपासाला एफबीआय येते. सुप्रीम कोर्टाच्या १९७८ च्या ओलिफंट निकालाने बाहेरच्या माणसावर फौजदारी खटला चालवण्याचा जमातीच्या कोर्टाचा अधिकार काढून घेतला. काही राज्यांतल्या रिझर्वेशनवर १९५३ पासून राज्याचाच फौजदारी कायदा लागू आहे. परिणामी, घरातून किंकाळी ऐकू येत असताना पोलिसाला मारणारा कोण, मार खाणारा कोण, जमीन कुणाच्या हद्दीत, हे सगळं डोक्यात ठेवावं लागतं.

*

१५ डिसेंबर १८९०. स्टँडिंग रॉक एजन्सीच्या सरकारी एजंटने लाकोटा पुढारी सिटिंग बुलला अटक करायला पोलीस पाठवले. पोलीसही मूलनिवासीच. झटापटीत गोळ्या सुटल्या; सिटिंग बुल गेला, त्याचा कोवळा मुलगा गेला, पोलीसही पडले. तेव्हाची वर्दी गोऱ्या एजंटच्या हुकमाची होती. आज बऱ्याच जमातींचे पोलीस स्वतःच्या निवडून दिलेल्या सरकारला बांधील आहेत. १९७५ च्या कायद्यानंतर अनेकांनी केंद्राशी करार करून हे काम स्वतःकडे घेतलं. माझ्या मते गेल्या दीडशे वर्षांतला हा सर्वात मोलाचा बदल आहे.

*

नावाहो माणूस ओळख सांगताना आईचं कूळ आधी सांगतो, मग वडिलांचं. कूळ जुळलं की परकी म्हातारीही आजी होते. अशा गावात बेड्या घातलेला मुलगा नात्यातला निघणार, त्याची आई उद्या दुकानात भेटणार. बाहेरून आलेला अधिकारी बदली घेऊन सुटतो, गावचा पोलीस तिथेच राहतो. हे ओझं मोठं आहेच, पण साक्षीदार कुणाजवळ मन मोकळं करतो तेही यावरच ठरतं.

*

साउथ डकोटातल्या पाइन रिज रिझर्वेशनमध्ये दारूबंदी. हद्दीला लागूनच, नेब्रास्का राज्यातलं व्हाइटक्ले: वस्ती जेमतेम डझनभर माणसांची आणि बियरची दुकानं चार. दरवर्षी लाखो कॅन खपत. जमातीच्या पोलिसाला तिथे पाऊल टाकून काही करता येत नसे. पिऊन परतलेल्यांना सांभाळायचं तेवढं त्याच्या वाट्याला. दारूबंदीतल्या गडचिरोलीच्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको. दुकानांचे परवाने २०१७ मध्ये गेले.

*

ओलिफंट निकालाने बंद केलेली वाट २०१३ च्या कायद्याने थोडी उघडली. रिझर्वेशनमध्ये राहणाऱ्या, तिथे नोकरी करणाऱ्या किंवा मूलनिवासी जोडीदार असलेल्या बाहेरच्या माणसाने घरातल्या बाईवर हात उचलला, तर जमातीच्या कोर्टात खटला चालू शकेल. पण त्याच घरात सोडवायला गेलेल्या पोलिसावर त्या माणसाने हात टाकला तर? त्याची तरतूद नव्हती. मुलांवरच्या अत्याचाराचीही नव्हती. ती २०२२ मध्ये झाली. त्या मधल्या ९ वर्षांत ज्यांनी तरीही दार वाजवलं, त्यांच्याविषयी मला अतोनात आदर वाटतो.