ब्याण्णव म्हणजे अर्धं

रूनस्केप या खेळात झाडं तोडण्याचं कौशल्य एक ते नव्याण्णव पातळ्यांत मोजतात. दुसऱ्या पातळीवर जायला ८३ गुण लागतात आणि साध्या झाडाच्या एका ओंडक्याचे २५ गुण मिळतात. म्हणजे चार ओंडके झाले की वरची पातळी. नव्याण्णवसाठी मात्र एकूण १,३०,३४,४३१ गुण हवेत. पन्नासाव्या पातळीवर आलेल्या नवख्याला वाटतं, आलोच की अर्ध्यावर. त्याचे तेव्हा १,०१,३३३ गुण झालेले असतात, म्हणजे शंभरातला एकही वाटा पुरता झालेला नसतो. खरा निम्मा टप्पा येतो ब्याण्णवाव्या पातळीला. ‘ब्याण्णव म्हणजे अर्धं’ हे या खेळातल्या प्रत्येक मुरलेल्या माणसाला पाठ असतं.

मला हे गणित माझ्या मामेभावाने शिकवलं. तेव्हा तो सातवीत होता आणि मी अकरावीत. कराडला बसस्थानकाजवळच्या एका सायबर कॅफेत अर्ध्या तासाचे दहा रुपये घ्यायचे. तिथल्या कॉम्प्युटरांवर मोठे खेळ चालायचे नाहीत. रूनस्केप चालायचा, कारण तो मशीनवर बसवावाच लागत नसे. ब्राउझरमध्ये जावाच्या आधारावर तो थेट उघडायचा. अँड्र्यू गॉवर या केंब्रिजच्या विद्यार्थ्याने भाऊ पॉल याच्या साथीने बनवलेला हा खेळ जानेवारी २००१मध्ये सुरू झाला होता, आणि आमच्यापर्यंत पोचेपर्यंत त्यात जगभरातली पोरं गोळा झाली होती.

आम्हा दोघांत खुर्ची एकच. माऊस त्याच्या हातात आणि वाचन माझ्याकडे. पात्रं बोलायला लागली की इंग्रजी संवाद मी वाचायचे आणि त्याला मराठीत सांगायचे. त्याला ते ऐकायची घाई नसे, कारण त्याचा जीव ड्रेनर गावातल्या विलोच्या झाडांत अडकलेला. झाडं बँकेला लागूनच होती. पिशवीत अठ्ठावीस रकाने. ते भरले की बँकेत रिकामे करायचे आणि परत झाडाशी. मला मात्र त्याच गावातल्या अॅगी चेटकिणीशी बोलायचं असे. तीन लाल बेरी आणि पाच नाणी दिली की ती लाल रंग करून द्यायची. अर्धा तास संपेपर्यंत आमचं यावरच वाजायचं.

फुकट खेळणाऱ्यांना नकाशाचा थोडाच भाग खुला होता. फॅलडोर शहराच्या पलीकडे टॅव्हर्ली गावाला जाणारं एक फाटक होतं. त्यावर क्लिक केलं की हा भाग वर्गणीदारांसाठी आहे असा संदेश यायचा. वर्गणी भरायला परदेशात चालणारं कार्ड हवं, आणि ते आमच्या सगळ्या नातेवाइकांत कुणाकडेच नव्हतं. मग बारावी आली, होस्टेल आलं आणि खेळ सुटला.

खेळही तसा राहिला नाही. २००७च्या अखेरीस त्यात मोठे फेरफार झाले आणि २०१२मध्ये तर लढाईची पद्धतच मुळापासून बदलली. जुने खेळाडू वैतागून निघून गेले. खेळ चालवणाऱ्या कंपनीकडे ऑगस्ट २००७मधली खेळाची एक जुनी प्रत शाबूत होती. ती पुन्हा सुरू करावी का, यावर खेळाडूंचं मतदान घेतलं. साडेचार लाखांच्या आसपास मतं पडली आणि फेब्रुवारी २०१३मध्ये ‘ओल्ड स्कूल रूनस्केप’ उघडला. जग जुनंच होतं, पण जुनी पात्रं त्यात आली नाहीत. सगळ्यांनी शून्यापासून सुरुवात केली. त्यामुळे मी इतक्या वर्षांनी परतले तेव्हा कराडची आमची कमाई कुठे आहे, हा प्रश्नच नव्हता.

परतायचं कारण मामेभाऊच. तो आता पुण्यात नोकरी करतो. दिवाळीत जेवणानंतर त्याने मोबाइल पुढे केला. पडद्यावर एक ठोकळेबाज माणूस झाड तोडत होता.

“अरे, हे अजून चालू आहे?”

“ताई, चालू म्हणजे? सत्त्याऐंशीवर आहे मी.”

त्याच रात्री मी खातं उघडलं आणि वर्गणीही भरली. आता त्याला एका मिनिटाच्या वर वेळ लागला नाही.

पहिले काही दिवस मजेत गेले. रस्ते पायांना आठवत होते. लम्ब्रिजच्या गाई, व्हॅरॉकची बँक, करामजाला जाणाऱ्या बोटीचं तीस नाण्यांचं भाडं, सगळं जागच्या जागी होतं. पातळ्या भराभर चढत होत्या आणि दर वेळी वाजणारी ती छोटी धून ऐकून मलाही गंमत वाटायची. मग साठावी पातळी आली, यूची झाडं तोडता येऊ लागली आणि चाल मंदावली. यूच्या एका ओंडक्याचे १७५ गुण. कागदावर भागाकार केला. फक्त अठ्ठ्याण्णववरून नव्याण्णववर जायला सात हजारांवर ओंडके लागतात. शून्यापासून सगळी मजल यूवरच मारायची म्हटली, तर चौऱ्याहत्तर हजारांच्या वर.

तोडताना खेळात नेमकं काय होतं, तेही आता मला कळलं होतं. रूनस्केपचा सर्व्हर दर ०.६ सेकंदाला एक ठोका देतो. झाडापाशी उभं असताना दर चौथ्या ठोक्याला, म्हणजे २.४ सेकंदांनी, एक अदृश्य फासा पडतो. दान लागलं तर ओंडका, नाही तर पुढच्या फाशाची वाट बघायची. माझी पातळी आणि कुऱ्हाडीचा प्रकार यांवर लागण्याची शक्यता ठरते. माझ्या बोटांचा त्यात काही भाग नाही. मी एकदा क्लिक करायचं आणि मग बघत बसायचं.

इथे माझं मन उडालं. एकच गोष्ट पुन्हा पुन्हा करायला माझी ना नाही. तबलजी तोच ठेका हजारदा वाजवतो, तेव्हा ठेका तोच राहतो आणि हात बदलतो. या झाडापाशी उलटं होतं. आकडा बदलत होता आणि हात होता तिथेच होता. नव्याण्णवावी पातळी गाठलेल्याचा क्लिक आणि पहिल्या दिवशी आलेल्याचा क्लिक, यांत काडीचा फरक नाही. याला अपवाद आहेत, ते सांगायला हवेत. काही तरबेज खेळाडू ठोक्याच्या तालावर अचूक क्लिक साधून कामाचा वेग वाढवतात, आणि मोठ्या राक्षसांशी लढताना तर चुकलेला एक ठोका जिवावर बेततो. तिथे हात खरोखर शिकतो. पण बहुतेक जण त्या वाटेला जात नाहीत. खेळ मोबाइलच्या कोपऱ्यात ठेवून ते दुसरंच काही बघत असतात. मीही तेच करू लागले होते. लॅपटॉपवर सिनेमा आणि फोनवर झाड.

आमच्या लहानपणी याच कंटाळ्याभोवती गप्पा चालायच्या. ड्रेनरच्या विलोपाशी दहा-पंधरा अनोळखी पोरं उभी असायची आणि डोक्यांवर पिवळ्या अक्षरांत बोलणं उमटायचं. मधूनच हातात ट्रे घेतलेली सँडविचवाली बाई उगवायची किंवा कुणीतरी विचित्र कोडं घालायचा. क्लिक करणारं यंत्र लावून कुणी निघून तर गेलेलं नाही ना, हे तपासायची ती युक्ती होती. आता अशा पाहुण्यांना सरळ वाटेला लावता येतं. झाडापाशी माणसं दिसतात, पण बोलत कुणी नाही. खेळ चालवणाऱ्यांनाही हे जाणवलं असावं. २०२३मध्ये त्यांनी नियम बदलले. एकाच झाडावर जितके जास्त लोक, तितका प्रत्येकाला थोडा जास्त फायदा, आणि यूसारखं मोठं झाड कुणाच्या एका ओंडक्यासरशी अचानक पडत नाही, ठरावीक वेळ टिकतं. गर्दी झाली खरी. मी गर्दीत दोन-तीनदा ‘हॅलो’ टाकून पाहिलं. उत्तर आलं नाही.

हे सगळं मी मामेभावाला फोनवर सांगितलं. त्याचं म्हणणं वेगळंच होतं.

“ताई, तुला कंटाळा येतो ना, मला तोच हवा असतो. दिवसभर शंभर माणसं शंभर प्रश्न विचारतात. संध्याकाळी मला असं काम पाहिजे की जे चुकणारच नाही.”

“मग झोप काढ की!”

“झोपेत पातळी वाढते का?”

त्याचा मुद्दा मी हसण्यावारी नेला नाही. ज्याच्या नोकरीत महिनोन्‌महिने खपूनही काही पुढे सरकल्याचं दिसत नाही, त्याला दर ओंडक्यागणिक इमानदारीत पुढे सरकणारा आकडा गोड वाटणारच. शिवाय इथे फसवणूक नाही. एक कोटी तीस लाखांचा हिशोब पहिल्या दिवसापासून उघड्यावर मांडलेला आहे. आजकालच्या कित्येक मोबाइल खेळांमध्ये शेवट किती लांब आहे तेच कळू देत नाहीत आणि मधल्या मध्ये पाकिटात हात घालायला लावतात.

आणि काही ठिकाणी हाच कंटाळा रोजी-रोटी झाला होता. व्हेनेझुएलाचं चलन कोसळलं तेव्हा तिथली कितीतरी माणसं या खेळात हिरवे ड्रॅगन मारून नाणी जमवत आणि ती डॉलरच्या बदल्यात विकत. नियमांनी त्याला बंदी आहे, सापडलं तर खातं बंद. पण त्या कमाईवर घरं चालत होती, हे तेव्हा बातम्यांतून जगभर आलं. मला जे दळण वाटत होतं, ते त्यांच्यासाठी खरोखरचं काम होतं. त्यांना कुणी ‘कंटाळा येत नाही का’ असं विचारलं नसेल.

माझ्यापाशी असं काही कारण नव्हतं. मग मी कुऱ्हाड बँकेत टाकली आणि टॅव्हर्लीच्या त्या फाटकातून पलीकडे गेले. पलीकडे मोहिमा होत्या, ज्यांत मला आधीपासून रस होता. या खेळाच्या मोहिमा ‘दहा उंदीर मारून आण’ या छापाच्या नसतात. बहुतेकींना स्वतःची गोष्ट असते, कोडी असतात आणि भरपूर थट्टा असते.

त्यांतल्या एकीचं नाव ‘वन स्मॉल फेवर’, म्हणजे एक छोटंसं काम. शायलो गावातला जुन्या वस्तूंचा व्यापारी यानी म्हणतो, जरा लाल महोगनीचं लाकूड आणून दे. जंगलातला लाकूडतोड्या म्हणतो, देतो, पण माझी कुऱ्हाड बोथट झालीय, तेवढी धार लावून आण. पोर्ट सरिमचा ब्रायन धार लावायला तयार आहे, पण त्याच्या मित्राच्या बाजूने चार चांगले शब्द बोलायला ड्रेनरची अॅगी हवी. हीच ती माझी रंगवाली अॅगी! तिचंही एक छोटंसं काम आहेच. तिथून पुढे कोंबड्यांसाठी पोलादी पिंजरे, एका भांड्याचं घट्ट झाकण, आणि गुंडगिरी सोडून साधू व्हायची इच्छा असलेला एक बुटका. जो भेटेल त्याचं एक छोटंसं काम. माझं पात्र दर खेपेला जास्त करवादून बोलू लागतं. साखळीचं शेवटचं टोक सापडलं की सगळ्यांना एकेक करून भेटत उलटं परत यायचं. एवढी पायपीट झाल्यावर बक्षीस काय, तर दहा हजार गुणांचे दोन दिवे आणि किल्ल्या अडकवायची एक पोलादी रिंग.

मी एकटीच मोठ्याने हसले. ज्यांनी एक कोटी तीस लाखांची ती उतरंड रचली, त्यांनीच तिची ही टिंगल लिहून ठेवली होती. या मोहिमेत झाडं तोडण्यापेक्षा कमी हेलपाटे नाहीत. पण प्रत्येक हेलपाट्याच्या टोकाला नवं माणूस होतं, त्याचं वेगळं गाऱ्हाणं होतं आणि पुढच्यापाशी काय निघेल याची उत्सुकता होती. संवाद वाचता वाचता मी ते मनात मराठीत करत होते, सवयीने. रात्री मामेभावाला फोन करून सगळी साखळी ऐकवली. या वेळी त्याने मध्ये न बोलता पूर्ण ऐकली.

त्याचे नव्याण्णव पुढे झाले. ९९,००० नाणी मोजून त्याने मानाचा झगा घेतला आणि त्याचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकला. मामीने त्याखाली ‘हे कसलं बक्षीस?’ असं विचारलं. मी त्याचं मनापासून अभिनंदन केलं. माझी कुऱ्हाड अजून साठीतच आहे आणि ती तिथेच राहील. मोहिमा संपेपर्यंत वर्गणी चालू ठेवणार, मग बंद.

तुमचाही असा एखादा जुना खेळ असेल, तर परत जरूर जा. फक्त आपण गोष्टीसाठी चाललोय, सोबतीसाठी, की डोक्याला विसावा म्हणून, एवढं आधी ठरवा. तिन्ही कारणं चांगली आहेत. पण खेळ सुसह्य व्हावा म्हणून शेजारी सिनेमा लावायची वेळ आली, तर खेळ बंद करा आणि सिनेमा नीट बघा.