एटोशाचे झेब्रे

नामिबियातील एटोशा राष्ट्रीय उद्यानात आम्ही पाणवठ्यावर झेब्र्यांचा कळप पाहिला. पुढे येई, बिचके, पुन्हा येई. तहान मोठी, सिंहाची भीतीही मोठी. कुंपणाबाहेरच्या खाजगी शेतांवर परदेशी पाहुणे परवाना काढून, पैसे मोजून झेब्रा मारतात. कातडे दिवाणखान्यात जाते. येथले मूळ रहिवासी हाइओम लोक पोटापुरती शिकार करीत. १९०७ साली जर्मन राजवटीने हे रान राखीव केले तरी ते येथेच राहिले. १९५४ मध्ये गोऱ्या दक्षिण आफ्रिकी राजवटीने त्यांना हुसकावले; पुष्कळजण गोऱ्यांच्या शेतांवर मजूर झाले. पोटासाठी मारणारा चोर, भिंतीसाठी मारणारा पाहुणा! १९९० साली देश स्वतंत्र झाला. २०१५ मध्ये हाइओम जमिनीसाठी कोर्टात गेले. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्यांच्या सामूहिक दाव्यास परवानगी नाकारली.