हिरव्या झाडाचा पंचनामा

‘झाडं तर उभी आहेत, मग नुकसान कसलं?’ पंचनाम्याला आलेल्या माणसाचं हे वाक्य आजही डोक्यात जातं.

सांगोल्याकडं आमची भगव्या डाळिंबाची बाग. 2020च्या ऑक्टोबरातल्या पावसानं तिच्यात पाणी साचलं. पाणी ओसरलं, पण वाफसा येईना. मग खोडांवर टाचणीनं टोचल्यासारखी भोकं दिसू लागली. त्यांतून भुशाच्या बारीक कांड्या लोंबत होत्या. बोट लावलं की पीठ. वर पानं हिरवीगार. मी त्या माणसाला खाली बसवलं, चाकूनं साल काढून आतलं काळपट लाकूड दाखवलं. ‘वाळलेली फांदी दाखवा, लगेच लिहितो,’ म्हणाला. फांद्या वाळल्या त्या यादी वर गेल्यावर. पुन्हा गेलो तर मुदत संपलेली. म्हणजे झाडानं मरायचं तेही तारीख बघून!

त्याला दिसलं नाही ते ही भोकं पाडणाऱ्या जेमतेम दोन मिलिमीटरच्या भुंगेऱ्याला वासावरून कळलं होतं. मुळं पाण्यात गुदमरली की झाडात इथेनॉल तयार होतं, म्हणजे दारूच, आणि सालीतून त्याचा वास सुटतो. या गोतातल्या बऱ्याच जातींच्या माद्या त्या वासावर येतात. लाकूड त्या खात नाहीत. आत बोगदे पाडून बुरशी पिकवतात, तीच स्वतः खातात, पिल्लांनाही तीच. काय म्हणावं या शेतीला! आमच्यापेक्षा जास्त पिकते.

मी प्लॅस्टिकच्या बाटलीला खिडक्या पाडल्या, तळाला साबणाचं पाणी, वर देशीत भिजवलेला बोळा, आणि बांधाच्या कडेला टांगली. आमचे नाना माळकरी. घरात देशी आणली म्हणून माझ्याशी बोलेनात. सकाळी मात्र चष्मा लावून पाण्यातले काळे ठिपके मोजत उभे!

सापळ्यानं बाग वाचत नाही, किडा आलाय एवढं कळतं. बाग वाचते ती पाण्याचा निचरा झाला तर. चर काढा, लागण गादीवाफ्यावर करा, पोखरलेली लाकडं सरपण म्हणून बांधावर रचू नका, जाळून टाका.

त्या माणसाला मी अजून शिव्या घालतो. त्याच्या कागदावर खोडासाठी रकानाच नव्हता, हे मी पाहिलंय. तरी घालतो.