बेरियम गेलं कुठे?

फटाक्यांची तपासणी म्हणजे मैदानात फटाके फोडायचे आणि आवाज मोजायचा, एवढीच माझी समजूत. एम.एस्सी. करून नागपुरातल्या एका खासगी लॅबमध्ये लागले आणि दिवाळीच्या तोंडावर टेबलावर अनार, फुलबाज्या, भुईचक्रं येऊन पडली. मॅडमची पहिली सूचना होती, अंगात सुतीच कपडे हवेत आणि दारू अजिबात घोटायची नाही. सॅम्पल एकजीव करायचं तर खलात घोटायचं, हे कॉलेजात घोकलेलं. इथे घोटलं की घर्षण, आणि पुढचं सांगायला नको. मग अनार प्लॅस्टिकच्या पात्याने उकलायचा, करडी दारू चिमूटभर कागदावर घ्यायची आणि कागदाची टोकं आलटूनपालटून उचलत ती मिसळायची. बाळाला जोजवावं तशी.

शोधायचं काय, ते कोर्टानेच ठरवलेलं. सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2017 मध्ये अँटिमनी, लिथियम, पारा, आर्सेनिक आणि शिसं यांच्यावर बंदी घातली, ऑक्टोबर 2018 मध्ये बेरियमचे क्षारही बाद केले. हरित फटाक्यांवर काम करणारी ‘नीरी’ आमच्याच गावातली, स्फोटकांचे परवाने देणाऱ्या ‘पेसो’चं मुख्यालयही इथलंच. म्हणून काही मला हे सगळं पाठ नव्हतं. बेरियम म्हणजे हिरवा रंग, एवढं फ्लेम टेस्टमधून डोक्यात बसलेलं. ‘मग फुलबाजी कशाला तपासायची? तिच्यात हिरवं कुठे काय?’ मी विचारलं.

‘अगं, तिथे बेरियम नायट्रेट रंगासाठी नसतं. जळायला ऑक्सिजन लागतो ना, त्यासाठी घालतात.’

म्हणजे पोराच्या हातात आपण सगळ्यात आधी देतो, तीच!

आधी एक्सआरएफची गन. क्ष-किरण मारले की थोड्याच वेळात पडद्यावर मूलद्रव्यांची नावं. जेवणाच्या सुट्टीपर्यंत काम उरकणार, असं वाटलं. पण लिथियम इतकं हलकं की ते या गनला दिसतच नाही. बेरियम आणि टायटॅनियम यांच्या काही रेषा जवळजवळ एकमेकींवर पडतात, आणि चंदेरी ठिणग्यांसाठी टायटॅनियमची पूडही वापरतात. त्यामुळे गन फक्त चाळणीपुरती. खरा निवाडा आयसीपीचा. त्यात आर्गॉनच्या काही हजार अंश तापमानाच्या प्लाझ्मात द्रावण फवारलं की प्रत्येक धातू आपापल्या तरंगलांबीचा प्रकाश टाकतो. बेरियमची ठळक रेषा 455.4 नॅनोमीटरला. ज्या प्रकाशाचे पैसे घ्यायचे, शेवटी प्रकाशावरूनच पकडलं जायचं. मला तर हे फारच आवडलं.

अनाराची दारू नायट्रिक आम्लात विरघळवून, गाळून यंत्राला दिली. बेरियम जवळपास शून्य! गन तर मोठ्ठा आकडा दाखवत होती. मॅडमनी काही न बोलता गाळणकागद उलगडला. त्यावर पांढरा, मऊ थर.

अनाराच्या दारूत गंधक असतं. नायट्रिक आम्लात त्याचं सल्फेट होतं आणि ते बेरियमला धरून खाली बसतं. बेरियम सल्फेट पाण्यात विरघळत नाही, पातळ आम्लातही नाही. म्हणून तर पोटाचे एक्स-रे काढताना ते रुग्णाला पाजता येतं. इथे मात्र नितळ द्रावण यंत्रात जातं, बेरियम कागदावर राहतं आणि अनार साळसूदपणे पास होतो. उपाय किचकट. तो गाळ सोडियम कार्बोनेटबरोबर मुशीत वितळवायचा, गरम पाण्याने धुऊन सल्फेट घालवायचं, उरलेलं आम्लात घ्यायचं. मग कुठे 455.4 वर शिखर उभं राहतं. पाऱ्याची तऱ्हा याच्या अगदी उलट. उघड्यावर तापवला की उडून जातो, म्हणून त्याला बंद भांडं आणि दारूचा वेगळा वाटा.

एवढ्यात सॅम्पल पाठवणाऱ्या व्यापाऱ्याचा फोन आला. एका अनाराला इतके दिवस लागतात का, असं म्हणत होते. मॅडमनी फोन माझ्याकडे सरकवला. मी त्यांना गंधक, सल्फेट, मूस असं सगळं साग्रसंगीत सांगितलं.

‘ते राहू द्या हो ताई, पास का नापास तेवढं बोला.’

‘नापास,’ मी म्हटलं, ‘पण पाऱ्याचं अजून बघायचंय.’