दाबच्या उतारावरील पाहुणी

नंदुरबारचे नाव निघाले, की डोळ्यांपुढे वाळत घातलेल्या लाल मिरचीचे सडे उभे राहतात. तळोदा-शहाद्याकडे केळी-पपईचे मळे. तापीकाठचा हा सारा मुलूख उन्हाचा. परंतु अक्कलकुव्याहून मोलगीकडे जाणारा रस्ता देवगोईच्या घाटाला लागला, की हवा पालटते. याच डोंगरात दाब हे गाव आहे. सातपुड्यातील आदिवासी बांधव याहामोगी मातेचे मूळस्थान म्हणून या भूमीला वंदन करतात. कडक हिवाळ्यात येथे पहाटेचे दव गवतावरच गोठते. आणि येथेच, उतारावरील लहानशा वाफ्यांत, स्ट्रॉबेरी पिकते.

या फळाच्या पूर्वजांपैकी एक सागरकाठचा. दक्षिण अमेरिकेतील चिली देशाच्या थंड, दमट किनाऱ्यावर मापुचे लोक मोठ्या फळाची स्ट्रॉबेरी पूर्वापार लावीत. तिची मोजकी रोपे फ्रेझिए नावाच्या फ्रेंच अधिकाऱ्याने १७१४ मध्ये जहाजातून मायदेशी नेली. लांबच्या सफरीत ती जगली, पुढे फुललीही. पण फळ धरीना, कारण सारी रोपे मादी होती. कालांतराने शेजारी उत्तर अमेरिकेतील लहान फळाची जात लावली गेली, तेव्हा कुठे त्या फुलांची कूस उजवली. निकोला द्युशेन या तरुण वनस्पतिशास्त्रज्ञाने १७६६ मध्ये हा संकर ओळखला. आज बाजारात दिसणारी स्ट्रॉबेरी ही त्याच मीलनाची संतती होय.

महाबळेश्वरच्या मातीत ती रुजली आणि तेथून तिची रोपे सातपुड्यात आली. समुद्र जो गारवा देतो, तो येथे उंची देते. दिवस लहान आणि रात्री गार झाल्या, की झाड कळी धरते. म्हणून पावसाळा सरताच गादीवाफ्यांवर लागवड होते. डिसेंबरपासून मार्चपर्यंत तोडा चालतो. ऊन तापले, की हंगाम आटोपतो.

हा हंगाम नेमका स्थलांतराच्या दिवसांत येतो. खरीप उरकल्यावर या डोंगरांतील अनेक कुटुंबे ऊसतोडीसाठी गुजरातची वाट धरतात. लेकरांची शाळाही त्यांच्याबरोबर सुटते. ज्याच्या वाफ्यात फळ आहे, त्याला मात्र रोज सकाळी आपल्याच शेतात काम असते. तुटपुंज्या जमिनीला यापरते मोठे दान कोणते?

तरीही हे दान नाजूक आहे. तोडलेली स्ट्रॉबेरी पुढे पिकत नाही, म्हणून ती लाल झाल्यावरच खुडावी लागते. आणि उघड्यावर ती दोन-तीन दिवसांपलीकडे टिकत नाही. घाट उतरून दूरची पेठ गाठणे अवघड. त्यामुळे बराच माल रस्त्याकडेला व जवळच्या बाजारांतच विकला जातो. हिवाळ्यात तिकडे जाणाऱ्या प्रवाशाने घाटात गाडी थांबवून एखादी पेटी अवश्य घ्यावी, आणि भावासाठी घासाघीस करू नये. त्या मोलावर एखाद्या घराचे दार हिवाळाभर उघडे राहते.